दादाने पोटात घातलं

खोटं बोलत असेन तर जिभेला फोड येवो: मिरजेच्या अच्युतराव बिडव्यांच्या काचेच्या टाकीतल्या कॅटफिशने बाकीचे मासे गिळले ते भुकेने नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं म्हणून, आणि गिळलेले मासे त्याच्या पोटात मजेत राहू लागले. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे त्या वर्षी मी मिरजेत नव्हतो, बदली होऊन जतला होतो. पण समोर बसून पाहताना मान अवघडते, मध्येच चहा येतो. लांबून नीट दिसतं.

अच्युतराव टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. मग त्यांची बायको, सुमतीबाई, 'येते हं' म्हणून हॉस्पिटलात गेल्या. त्याआधीच मुलगा हृषीकेश 'येतो बाबा' म्हणून कॅनडाला गेला होता. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. दोघांनीही शब्द बरोबर वापरला होता, त्यामुळे अच्युतरावांना कोणालाच बोल लावता येईना. ते वाट पाहत राहिले.

कुलूप उघडून आत आलं की घरात काहीतरी हललं पाहिजे, एवढ्याचसाठी त्यांनी मासे आणले. शेंदरी गोल्डफिश होती, तिचं नाव अबोली. एंजलचं एक जोडपं होतं. आणि एक वयस्क गोरामी, ज्याला ते गोरामी मास्तर म्हणत, कारण तो कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. चौघंही बोलत, पण माशांचं बोलणं ते किती; खाणं आणि तक्रारी.

कॅटफिश आला सगळ्यांत शेवटी. बोटाएवढा, लाल शेपटीचा, आणि त्या वयातही मिशा राखलेला. दुकानदार इरफान तांबोळी पिशवीला गाठ मारता मारता म्हणाला, "काका, आज बोटाएवढा आहे. उद्या हाताएवढा होईल, परवा तुम्हालाच विचारील, आपण कोण? नियम एकच. ज्याचं डोकं ह्याच्या तोंडात मावतं, ते ह्याचं."

"मी संस्कार करीन," अच्युतराव म्हणाले.

"करा की. पण काचेच्या बाहेरून करा."

तो वाढला. दिवाण काढून तिथे मोठी टाकी बसवावी लागली. आकाराने तोच थोरला दिसू लागला, म्हणून त्याचं नाव दादा पडलं. आणि थोरल्याला जे सांगायचं असतं ते अच्युतरावांनी एका संध्याकाळी खुर्ची ओढून, घसा साफ करून त्याला सांगितलं.

"हे बघ दादा, तू मोठा. लहानांना सांभाळून घ्यायचं. त्यांचं काही चुकलंमाकलं, तर मोठ्याने पोटात घालायचं."

"बरं," दादा म्हणाला. तो मितभाषी होता.

दुसऱ्याच सकाळी अबोलीने दादाच्या वाटणीचा कोळंबीचा तुकडा पळवला. अच्युतराव चहा गाळून बाहेर येतात तो टाकीत अबोली नाही, आणि दादा तोंड मिटून शांत.

"अरे, हे काय केलंस?"

"पोटात घातलं."

"चूक पोटात घाल म्हणालो होतो मी! अबोलीला नाही!"

"चूक तिच्यापासून सुटी होईना," दादा म्हणाला. "मग दोघींना एकदमच घेतलं."

अच्युतराव तसेच तांबोळीकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं, दुकानातला पंप बंद केला आणि विचारलं, "काका, सांगितलंत कुठल्या भाषेत?"

"मराठीत. दुसऱ्या कुठल्या?"

"मग त्या गरिबाचा काय दोष? हिंदीत सांगायचं होतं. हिंदीत नुसतं माफ करतात, विषय संपला. मराठीत पोटात घालतात."

"आता रे?"

"आता काय! एकदा लागलेलं वळण. तुमचाच संस्कार आहे, माझ्या दुकानातून असा गेला नव्हता."

रविवारी हृषीकेशचा फोन आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलला. जेवलात का, गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. अच्युतरावांनी दादाची गोष्ट सांगितली तेव्हा पोट धरून हसला आणि म्हणाला, "बाबा, दिवाळीला येतो, मलाही बघायचाय तुमचा दादा." त्या संध्याकाळी अच्युतरावांनी भात जरा जास्त टाकला.

टाकी पुसताना त्यांना पहिल्यांदा आवाज आला. त्यांनी काचेला कान लावला. क्रॉस कनेक्शनमधून हवा तो आवाज वेगळा काढायची त्यांना सवय होती. दादाच्या पोटातून येणारी अबोली त्यांनी तिसऱ्या वाक्याला ओळखली. नाव अबोली, पण तिथे तिच्या तोंडाला खळ नव्हता. "इथे ऊब आहे गं! फिल्टरची ती घरघर नाही. आणि कोणी ओरडत नाही. चूक करून झालेली आहे ना, आता कशाला ओरडतील?"

हे अच्युतरावांनी ऐकलं तसं एंजल जोडप्यानेही ऐकलं. दुपारी दोघं दादासमोर येऊन उभी राहिली.

"आम्ही काल तुमची शेपटी ओढली," नवरा म्हणाला.

"शेपटीला कळलं नाही," दादा म्हणाला. "मला तिचं ऐकावं लागेल. पुन्हा ओढा."

"जोरात ओढा हो," बायको नवऱ्याला म्हणाली. "घरात पण तुमचं असंच असतं."

ओढली. दादाने तोंड उघडलं. जाताना दोघंही वळून अच्युतरावांना म्हणाली, "येतो हं काका."

"या," अच्युतराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

राहिले गोरामी मास्तर. त्यांची अडचण अशी की त्यांच्या हातून चूक होत नसे. रोज ते दादासमोर जात आणि रोज दादा म्हणे, "मास्तर, तुमचं काहीच नाही. मी कशाबद्दल घेऊ?" अच्युतरावांना मनातून बरं वाटे. ते संध्याकाळी मास्तरांसमोर बसून पेपरातले मथळे वाचून दाखवत. मास्तर ऐकत, पण त्यांचा एक डोळा कायम दादाच्या पोटाकडे. शेवटी मास्तरांना सुचलं. "दादासाहेब, माझ्या हातून चूक होत नाही याचा मला गर्व आहे."

दादाने बराच वेळ विचार केला. "हे चालेल," तो म्हणाला.

"मास्तर, तुम्ही तरी!" अच्युतराव म्हणाले.

"येतो," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण ते आधीच कमरेपर्यंत आत गेले होते.

तरी अच्युतराव सगळ्यांच्या वाटणीचं खाणं टाकीत टाकत राहिले. येतो म्हणालेत म्हणजे येणार. ते दाणे तळाशी बसून फुगत, आणि अच्युतराव ते गाळणीने काढत.

दिवेलागणीला आत भेंड्या सुरू होत. मास्तर इतकं छान गातात हे अच्युतरावांना माहीत नव्हतं. कान काचेला लावून ते बसत, म्हणजे एक गाल कायम गार. एकदा 'ठ' आला आणि आतले सगळे अडले. अच्युतरावांना 'ठ'चं गाणं येत होतं. सुमतीबाई भेंड्यांमध्ये नेहमी तेच राखून ठेवायच्या. त्यांनी बाहेरून म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मग काचेवर टकटक केलं. आत अबोलीने दहा अंक मोजले, भेंडी चढली आणि सगळे खो खो हसले. कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

"दादा," अच्युतराव म्हणाले, "मला आत घेशील?"

"चूक?"

"मीच तुला चुकीचं सांगितलं. पोटात घाल म्हणालो. ही चूकच ना?"

"चूक आहे," दादाने मान्य केलं. "मोठी आहे. पण तुमचं डोकं मावणार नाही." त्याने तोंड उघडून दाखवलं. खरंच मावत नव्हतं. "तांबोळ्यांचा नियम आहे. मी काय करू?"

"मग?"

"थांबा थोडं. मी वाढतोय. तुम्ही कमी होताय."

हे खरं होतं. एकट्यासाठी काय कुकर लावायचा म्हणून अच्युतराव पोहे, मग नुसता चहा, मग तोही अर्धा, इथवर आले होते. शर्ट त्यांच्या अंगावर नव्हे, त्यांच्याभोवती असे. चष्मा नाकावरून घसरे. दादा मात्र टाकीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला होता. दाढी करताना अच्युतराव आरशात डोकं बघत, मग टाकीसमोर येऊन उभे राहत. दादा तोंड उघडे. "अजून कान अडताहेत," तो म्हणे. दिवाळी आली आणि गेली तेव्हा तो म्हणाला, "आता कान बसतील."

अच्युतराव तांबोळीच्या दुकानात गेले आणि किल्ली काउंटरवर ठेवली. "दादाला रोज कोळंबी घालशील ना?"

"तुम्ही कुठे निघालात? कॅनडा?"

"तेवढं लांब नाही."

तांबोळीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मनात नियम आलाच असणार. तो त्याचाच होता. "काका, तिथे करमेल तुम्हाला?"

"चार माणसं आहेत," अच्युतराव म्हणाले. "येतो."

"या," तांबोळी म्हणाला.

संध्याकाळी तो कोळंबी घेऊन आला. कुलूप उघडलं, तर घरात काहीतरी हललं. दादा टाकीत फार सावकाश वळत होता. चष्मा घडी घालून टाकीच्या कडेवर ठेवलेला होता. तांबोळीने काचेला कान लावला. आत भेंड्या चालल्या होत्या आणि गाडी पुन्हा 'ठ'वर अडली होती. अबोली अंक मोजत होती. आठ झाले, नऊ झाले, आणि एका पुरुषाच्या घोगऱ्या आवाजाने गाणं उचललं. बाकीचे एकदम ओरडले, "वा, काका!"

तांबोळीने कोळंबी टाकली, दिवा लावून ठेवला आणि कुलूप लावून तो गेला.

आता यात खोटं किती, असं विचाराल तर एकच गोष्ट. रविवारचा तो फोन. तो आलेला नव्हता. 'दिवाळीला येतो' हे मीच हृषीकेशच्या तोंडी घातलं. फोन चालू होता, त्यात काही बिघाड नव्हता. अच्युतराव दर रविवारी रिसीव्हर उचलून तपासत.