हायड्रोजनच्या फुग्याची आरती

प्रयोगातला धोका ओळखण्याच्या बाबतीत माझा हात धरेल असा शिक्षक आमच्या पलूसच्या आसपास नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. परीक्षानळीचं तोंड कुणाच्या नाकाकडे वळलंय, हे फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या पाठीला कळायचं. स्पिरिटचा दिवा पेटवण्याआधी मुलींच्या वेण्या बांधल्या जायच्या आणि मुलांच्या बाह्या वर जायच्या.

माझं दुसरं प्रेम म्हणजे कीर्तन. बुवा उभे राहिले, पूर्वरंगात विषय मांडला, उत्तररंगात आख्यान लागलं, की माझ्या तपासायच्या वह्या दुसऱ्या दिवसावर जात. आम्ल आणि धातू मी कधी एका कपाटात ठेवले नाहीत. ही दोन प्रेमं मात्र एका बाटलीत ओतली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कुठल्याशा शाळेत एका मुलाचा हात आम्लानं भाजला होता. त्यामुळे त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाआधी प्रत्येक प्रयोगातले धोके पालकांना समजावून सांगा, त्यांची संमती घ्या, मग सांगलीहून पर्यवेक्षक येऊन प्रयोग बघतील, असं ठरलं. आमच्या शाळेतून नववीतल्या सबाचा प्रयोग जायचा होता. बाटलीत जस्ताचे तुकडे, त्यावर पातळ केलेलं आम्ल, तोंडाला फुगा. हायड्रोजननं फुगा भरला की तो दोऱ्याला बांधून वर सोडायचा. सबानं त्यासाठी सुट्टीत मामाच्या गावाला जायचंही सोडलं होतं. तिला सांगलीला जायचंच होतं.

मुख्याध्यापिका शरयूबाई मला म्हणाल्या, "सर, पालकांना चार वाक्यांत सांगा. साधं सांगा."

साधं सांगणं माझ्या रक्तात नाही. पालकसभेत मी उपरणं घेतलं. पूर्वरंगात सावधपणाचं महत्त्व सांगितलं. उत्तररंगात एका बेसावध विद्यार्थ्याचं आख्यान लावलं. तो विद्यार्थी मी तिथल्या तिथे जन्माला घातला होता. त्याची म्हातारी आई, तिची नवसाची पोथी, त्याची ती उघडी बाटली आणि जवळ आणलेली काडी. स्फोटापाशी मी उपरण्यानं स्वतःचेच डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून केरबाआण्णांनी, म्हणजे आमच्या देवळातल्या कीर्तनाला पेटीची साथ करणाऱ्या गृहस्थांनी, "वाह" अशी दाद दिली. सभा इतकी रंगली म्हणून सांगू, की शेवटी एकाही पालकानं संमती दिली नाही.

सबाची आई आबेदा मला दारातच भेटली. "सर, पोरीचं नाव काढा. मला लय हुशार पोरगी नको. धड पोरगी पायजे."

"अहो, पण ती गोष्ट होती."

"त्या म्हातारीचं काय झालं मग? पोरगा गेल्यावर?"

म्हातारीचा पुढचा विचार मी केला नव्हता.

सबा तिच्या मागे उभी होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

शरयूबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "पोरीचं वर्ष तुम्ही एका आख्यानात बुडवलंत. आता तुम्हीच काढा वर."

संध्याकाळी मी सबाच्या घरी गेलो. तिचे वडील सिकंदरभाई कुपवाडला वेल्डिंगचं काम करत. नुकतेच स्कूटरवरून आले होते.

"आवं सर, मी रोज ठिणग्यांत बसतो," ते म्हणाले. "मला भ्या न्हाई. पण सभेतनं आल्यापासनं मी बी कामाचा चष्मा दोनदा पुसून घालतोय. तुमी सांगता लय भारी. जरा कमी सांगत चला."

मी हात जोडून म्हणालो, "भाई, चूक एवढीच झाली की मी आख्यान अर्ध्यावर सोडलं. संकट सांगितलं, निवारण सांगितलं नाही. पर्यवेक्षक येतील त्या दिवशी तुम्ही सगळे या. डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

आबेदा आतून म्हणाली, "बघू. पर म्हातारी नको त्यात."

त्या दिवशी प्रयोगशाळेत मुंगीला जागा नव्हती. आख्यानाचा दुसरा भाग आहे ही बातमी गावभर झाली होती. केरबाआण्णा तर सोवळं नेसून आले होते. सबानं सगळी तयारी चोख केली होती. डोळ्यांवर वडिलांचा चष्मा, टेबलाशी पाण्याची बादली आणि ओलं पोतं, टेबलाभोवती खडूची रेघ, रेघेच्या आत कुणी यायचं नाही. आसपास स्पिरिटचा दिवा नाही, काडी नाही. पर्यवेक्षकसाहेब गंभीर चेहऱ्याचे, पायात नवे कोरे बूट. ते एकेक गोष्ट बघत मान हलवत होते.

फुगा भरला. सबानं तो दोऱ्यानं टेबलाला बांधला. फुगा वर गेला आणि दोरा ताणून उभा राहिला. आबेदाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

मी निवारणाचं निरूपण करत होतो. प्रत्येक धोक्यापुढे एक उपाय ठेवत गेलो, आणि शेवटाला आलो तेव्हा अंतःकरण असं भरून आलं की मी डोळे मिटले आणि हात जोडले.

इथे मी चुकलो. आमच्या गावात कीर्तनकारानं डोळे मिटून हात जोडले, की कीर्तन संपलं. आणि कीर्तन संपलं की आरती. आरती झाल्याशिवाय माणूस उठत नाही.

मी डोळे उघडले तेव्हा केरबाआण्णा घरून आणलेल्या ताटात कापूर पेटवून खडूच्या रेघेच्या आत उभे होते. वाऱ्यानं कापूर विझू नये म्हणून कुणीतरी भक्तिभावानं सगळ्या खिडक्याही लावून घेतल्या होत्या. देवाच्या जागी फुगा होता, म्हणून आण्णा फुग्याला ओवाळत होते. लोक उभे राहून टाळ्यांचा ठेका धरत होते.

"आण्णा, मागं," मी म्हणालो. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

ज्योत दोऱ्याला लागली. दोरा तुटला. फुगा संथपणे वर निघाला, छताकडे. सगळ्यांनी हात जोडले. आख्यानाच्या शेवटी भक्ताला न्यायला विमान येतं, तसा तो देखावा होता, हे मला कबूल करावं लागेल. फक्त विमान जिथे निघालं होतं, तिथे खिडक्या लावल्यावर कुणीतरी लावलेला शंभर वॅटचा बल्ब होता.

सबानं एकच काम केलं नाही, तीन केली. बटण बंद केलं, आण्णांच्या ताटावर ओलं पोतं टाकलं, आणि म्हणाली, "खिडक्या उघडा. आणि सगळे बाहेर चला. सावकाश."

आवाज थेट तिच्या आईसारखा होता. लोक निमूट निघाले. बंद खिडक्यांच्या त्या अंधारात डुबुक असा एक आवाज झाला. पर्यवेक्षकसाहेबांचा नवा बूट, पायासकट, सुरक्षेच्या बादलीत गेला होता.

फुगा मात्र छताला टेकून शांत बसला.

बाहेर ओट्यावर बूट उलटा करून पाणी ओतता ओतता साहेब म्हणाले, "प्रयोग सुरक्षित आहे. मुलगी त्याहून सुरक्षित आहे. तिला सांगलीला पाठवा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना पाठवू नका."

केरबाआण्णा अजून कोड्यात होते. "सरांनी डोळं मिटलं की आरती. आजवर कवा चुकलंय?"

सिकंदरभाईंनी बायकोकडे बघितलं. आबेदा म्हणाली, "जाऊ दे तिला. आता त्या फुग्याचं काय भ्या वाटत न्हाई मला." वाक्याचा उरलेला भाग ती माझ्याकडे बघत गिळून गेली.

शरयूबाईंसोबत सबा सांगलीला गेली आणि नंबर घेऊन आली. मी स्टँडवर पेढे घेऊन उभा होतो.

"परीक्षकांनी काय विचारलं गं?"

"विचारलं, एवढे बारीक धोके तुला कसे सुचले. मी म्हटलं, आमच्या सरांमुळे."

माझी छाती फुगली. मी पेढ्याचा पुडा तिच्या हातात दिला.

तिनं एक पेढा तोंडात टाकला. सबा खरं बोलणारी पोरगी. "म्हणजे," ती म्हणाली, "सर असताना काय काय होऊ शकतं, तेवढंच मी मोजत गेले."

मी तिला दुसरा पेढा दिला. चांगल्या कीर्तनाला दृष्टांत हवाच असतो. तो दृष्टांत आपणच असलो तर गप्प बसून ऐकावं, एवढंच.