आठवा खण

ऐंशी कोबी मिठाच्या पाण्यात पडले आणि नेमक्या त्याच सकाळी दोक्सुनआजींना ताप भरला. उद्या ते धुऊन, निथळून मसाला भरायलाच हवा. मिठातला कोबी कुणाच्या तापासाठी थांबत नाही. गल्लीतल्या सहा घरांच्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, मसाला बेचाळीस वर्षं आजींच्याच हातचा. तो मान आता शेजारच्या यांगजाला? छे, छे!

दुखणं ओळखीचंच होतं, लघवीला आग. औषधाच्या दुकानात एकेका वेळच्या गोळ्या एकेका पुडीत बांधून देतात. बरं वाटलं की उरलेल्या पुड्या आजींच्या ड्रॉवरमध्ये जात: नवऱ्याच्या दाढेच्या, सुनेच्या कानाच्या, यांगजाच्या गळवाच्या. चांगलं औषध फेकवतं का कुणाला? काल सकाळी त्यांनी दाढेची पुडी घेतली, संध्याकाळी कानाची. आज गळवाची घेतली आणि थंडीने दातच वाजायला लागले. सुनेने, मिहेने, त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

"एक जोरदार इंजेक्शन टोच बाई," आजी म्हणाल्या. "घरी कोबी वाट बघतायत."

"आधी तपासू, आजी. नवं मशीन आलंय, तीन तासांत कळेल," डॉक्टर मिन म्हणाली.

"तीन तास? अगं, तोवर कोबीचा लगदा होईल!"

पण बसावं लागलं. लघवीचे थेंब आठ इवल्या खणांत गेले, प्रत्येक खणात वेगळं औषध. तीन तासांनी डॉक्टरने मशीनचा पडदा दाखवला.

"हे काय वळवळतंय?"

"तुमचे जंतू."

"आणि औषध कुठाय?"

"त्यातच तर पोहतायत."

आजींनी चष्मा पुसला. एकाचे दोन होत होते, दोनाचे चार. सात खणांत तोच प्रकार. आजी ताप विसरल्या, कोबी विसरल्या, पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या.

"अगं बाई! डोळा नाही, डोकं नाही, आणि सात-सात औषधं पचवतात? शिकवलं कुणी यांना?"

"तुम्हीच, आजी. दोन पुड्या द्यायच्या आणि थांबायचं. जे तगले त्यांचीच पोरं वाढली."

आठव्या खणात मात्र सगळं शांत होतं. "हे एकच लागू पडतंय," डॉक्टर म्हणाली. "पाच दिवस रोज सुई. मध्येच बरं वाटलं तरी सोडायचं नाही."

"आणि हेही पचवायला शिकले तर?"

"नववा खण नाहीये माझ्याकडे."

आजींनी बाही वर सारून दंड पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मसाला यांगजाने कालवला. आजी गोधडी पांघरून खुर्चीत बसून होत्या. "लसूण कमी पडलाय," एवढंच म्हणाल्या, पण चार वेळा. पाचव्या दिवशी अगदी ठणठणीत वाटत होतं, तरी सुई घेऊन आल्या. दारात यांगजा कंबर धरून उभी.

"ताई, मलाही आग होतेय गं. ड्रॉवरमधली एखादी पुडी दे ना."

"नाहीत. सगळ्या दुकानात परत दिल्या."

"मसाल्याचं एवढं मनाला लावून घेतलंस?"

आजींनी तिचं मनगट पकडलं ते दवाखान्यातच सोडलं. "डॉक्टर, हिचेही आठ खण लाव." मग स्वतःसाठी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

"मसाला हिचा झाला, ठीक आहे," त्या मागोमाग आलेल्या मिहेला म्हणाल्या. "पण जंतू कुणाचे जास्त शिकलेत, ते आता बघूनच जाऊ."