राजेसाहेबांची मुकी मिरवणूक

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडताना आ-क्वानचा हात थांबला. कॅलेंडर उतरवून खालचं नव्या महिन्याचं पान तिने डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, आणि माशाची पेज भुरकत बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, ती पक्ष्यांवाली माणसं कधी यायचीत म्हणालात?"

"रविवारी."

"आणि राजेसाहेबांचा वाढदिवस?"

"पौर्णिमेला. हे काय विचारणं झालं?"

आ-क्वानने कॅलेंडर त्याच्या वाडग्याशेजारी ठेवलं. "मग पौर्णिमा कुठल्या वारी येतेय, तेवढं वाचा."

त्साय चिन-फाने वाचलं आणि पेज तशीच राहू दिली. आमच्या हाइपूत माणूस केस कापायला निघाला तरी आधी चंद्राची तिथी बघतो. भरती-ओहोटी चंद्रावर, तळ्याचं पाणी आत घेणं-बाहेर सोडणं चंद्रावर, देवांचे वाढदिवस चंद्रावर. वार बघतात ते शहरातले लोक. पण ल्याओबाईंचा फोन आला तेव्हा चिन-फा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तळ्याची झडप दुरुस्त करत होता. पक्षीमंडळाच्या प्रमुख स्वतः फोन करतायत, येत्या महिन्यातला तिसरा रविवार चालेल का विचारतायत, म्हटल्यावर त्याची छाती अशी फुगली की तिथी बघायचं भान राहिलं नाही. चालेल म्हणाला, आणि वर सगळ्यांनी जेवूनच जायचं असंही म्हणाला.

छाती फुगायला कारणही तसंच होतं. दर हिवाळ्यात उत्तरेकडून भातपळे आमच्या किनाऱ्यावर उतरतात. पांढरेशुभ्र, काळ्या तोंडाचे, आणि चोच थेट भात वाढायच्या पळीसारखी. जगात मोजके उरलेत, आणि त्यातले बरेचसे हिवाळा इथेच काढतात. मासे विकून झाले की चिन-फा तळ्यातलं पाणी गुडघ्याखाली आणतो आणि उरलेसुरले बारके मासे-कोळंबी पाखरांसाठी ठेवतो. पाखरं दिवसभर त्याच्या तळ्यात झोपा काढतात. पण निरीक्षणाचा मनोरा उभा राहिला तो नदीच्या पलीकडे, सी-आन गावात. पाटी लागली तीही सी-आनची. शहरातली माणसं पलीकडच्या मनोऱ्यावर चढायची, आपल्या दुर्बिणी अलीकडे रोखायची, चिन-फाच्या तळ्यातले पक्षी बघायची आणि घरी जाऊन सांगायची, आम्ही सी-आनचे भातपळे बघून आलो. याच्यावर कडी म्हणजे सी-आनचा सरपंच वेन-तुंग हा चिन-फाचा सख्खा मेहुणा. सणाला जेवायला आला की दात कोरत म्हणायचा, "दाजी, आमची पाखरं बरी आहेत ना तुमच्याकडे?"

आता ल्याओबाई पहिल्यांदाच अलीकडून बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर बांधावर आपल्याही गावाची पाटी लागणार होती. चिन-फाला दुसरं काही नको होतं. पाटीवर हाइपू एवढी अक्षरं दिसली की तो डोळे मिटायला मोकळा होता.

पण राजेसाहेबांचा वाढदिवस म्हणजे पालखी, आणि पालखी म्हणजे फटाके. राजेसाहेब म्हणजे आमचा समुद्राकडून आलेला देव. स्वभावाने तापट, आणि आवाजाचा भारी शौकीन. पालखी देवळातून निघते ती बरोबर चिन-फाच्या तळ्याच्या बांधावरून झडपेपर्यंत जाते. आणि खरी गोम पुढेच होती. यंदाचा यजमान कोण, तर चिन-फाच. देवानेच कौल देऊन त्याला निवडलं होतं. त्या आनंदात त्याने भर देवळात जाहीर केलं होतं की यंदा फटाक्यांची माळ देवळाच्या दारापासून झडपेपर्यंत अखंड लागेल. माळ येऊनही पडली होती. तांबड्या गुंडाळ्या देवळाच्या ओसरीवर छताला टेकल्या होत्या, आणि पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढत होती.

चिन-फा देवळात गेला तेव्हा पुजारी शुइ-मूकाका समईला तेल घालत होते. सगळं ऐकून घेताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मग ते म्हणाले की माझ्या आजोबांच्या आजोबांच्या काळापासून राजेसाहेब फटाक्यांशिवाय बाहेर पडलेले नाहीत. वादळातही नाहीत, लढाईतही नाहीत. आता काय चार पाखरांसाठी, चोरी करून निघाल्यासारखं गुपचूप फिरायचं?

"काका, एक वर्षाचा तर प्रश्न आहे," चिन-फा म्हणाला.

"मला काय विचारतोस? त्यांना विचार. तुला यजमान मी केलेलं नाही."

बातमी गावात पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात देवळाचं अंगण भरलं. आमच्याकडे कौल घ्यायची लाकडी जोडी असते, एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने फुगीर. देवापुढे प्रश्न विचारून ती जमिनीवर टाकायची. एक पालथं आणि एक उताणं पडलं तर होकार, आणि तो लागोपाठ तीनदा मिळाला तरच खरा. दोन्ही पालथी पडली तर नकार. दोन्ही उताणी पडली तर देव हसतोय.

चिन-फाने गुडघे टेकून नाव सांगितलं, पत्ता सांगितला, मग फटाक्यांचं विचारलं आणि जोडी टाकली. देव हसला. गर्दीतही खसखस पिकली. चिन-फाने पुन्हा तेच जरा अदबीने विचारलं. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा त्याने पाखरांचं सगळं दुःख सांगितलं, जगात किती थोडी उरलीत ते सांगितलं, पाटीबद्दलही सांगितलं. जोडी खणखणीत पालथी पडली.

"झालं," शुइ-मूकाका म्हणाले आणि उदबत्त्या आवरायला लागले.

त्याच वेळी चिन-फाच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून वेन-तुंग होता. नदी रुंद असली तरी बातमीला पूल लागत नाही. तो फार गोड आवाजात म्हणाला, "दाजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमचे फटाके वाजले की पाखरं आमच्याकडेच येणार. पाहुण्यांनाही इकडेच पाठवून द्या. मी चहा टाकून ठेवतो."

चिन-फाने फोन बंद केला आणि तिथेच पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले. ते आ-क्वानने पाहिलं. ती सी-आनची माहेरवाशीण, भावाचा आवाज फोनबाहेर ऐकू आला होता. तिने जोडी उचलली.

"यजमान मी आहे," चिन-फा कसाबसा म्हणाला.

"आणि यजमानाच्या घरी रांधतं कोण?" आ-क्वान म्हणाली. "तुम्हाला विचारताच येत नाही. देवाला कुणी, तुझं हे बंद करतो, तुझं ते बंद करतो, असं विचारतं का? मी माझ्या सासऱ्याला तरी विचारलं असतं का?"

ती गुडघ्यावर बसली आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "राजेसाहेब, एवढ्या लांबून तुमच्या वाढदिवसाला पाखरं आलीत. दिवसा झोपतात, संध्याकाळी पोटासाठी बाहेर पडतात. तर दिवसा तुम्ही हळूच येऊन त्यांना बघून जाता का? ती गेली की मग सगळी माळ लावू. अंधारात दिसेलही छान."

जोडी पडली. एक पालथं, एक उताणं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. शुइ-मूकाकांनी वाकून जोडी दोन्ही बाजूंनी तपासली. मग ते पुजाऱ्याच्या आवाजात म्हणाले की देवाची आज्ञा झालेली आहे, आता यात कुणी शंका काढू नये.

रविवारी हाइपूतून जशी मिरवणूक निघाली, तशी आमच्या अख्ख्या बेटावर कधी कुणी पाहिली नसेल. झांजांना टॉवेल गुंडाळले होते. ढोलावर गोधडी होती, आणि ढोलवाला ती थोपटत होता. सनईवाला नुसते गाल फुगवून बोटं हलवत होता, कारण हात रिकामे ठेवणं त्याला बरं वाटेना. आ-पिंगच्या अंगात दरवर्षी येतं आणि तो किंचाळत नाचतो. यंदाही त्याच्या अंगात आलं, पण बायकोच्या डोळ्यांकडे बघून तो चवड्यांवर नाचत राहिला. सगळं गाव चपला हातात घेऊन बांधावरून चाललं होतं. आवाज होता तो फक्त शुइ-मूकाकांचा. ते पुढून मागे, मागून पुढे फिरत प्रत्येकाला इतक्या जोरात गप्प करत होते की शेवटी आ-क्वानने त्यांच्या तोंडात खडीसाखर घातली.

झडपेजवळ ल्याओबाई आणि त्यांची मंडळी तिपाया लावून उभी होती. टीव्हीवाला एक जण कॅमेरा घेऊन आला होता. पण त्यांची तोंडं उतरलेली होती. भातपळे तळ्यात होते, भरपूर होते, फक्त सगळे एका पायावर उभे राहून, ती सुप्रसिद्ध चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपले होते. नुसते पांढरे गठ्ठे. टीव्हीवाला ल्याओबाईंना दबक्या आवाजात म्हणाला की हे तर पलीकडूनही असंच दिसतं, यासाठी गाडी एवढी आत कशाला आणली.

चिन-फाने ते ऐकलं. यजमान म्हणून पालखीचा पुढचा उजवा दांडा त्याच्या खांद्यावर होता. पाखरं खरंच एवढी गाढ झोपलीत का ते बघायला त्याने मान वळवली, आणि अनवाणी पाय बांधाच्या शेवाळावर पडला. चिन-फा घसरला. दांडा त्याच्याबरोबर गेला, दांड्याबरोबर पालखी गेली, पालखीबरोबर बाकीचे भोई गेले, आणि पालखी आवरायला धावलेले शुइ-मूकाकाही गेले. सगळे बसल्या बसल्या उतारावरून घरंगळत तळ्याच्या मधोमध जाऊन थांबले. राजेसाहेब आसनाला घट्ट बांधलेले होते म्हणून पडले नाहीत. गाळ त्यांच्या दाढीपर्यंत आला, एवढंच.

आणि एवढं होऊनही कुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. आज्ञाच तशी होती. गाव बांधावर तोंडावर हात धरून उभं राहिलं. चिन-फाने डोळे मिटून घेतले होते. आता पंखांचा आवाज येणार, कळप उठणार, नदी ओलांडणार, आणि मेहुणा चहा ओतणार.

पंखांचा आवाज आला नाही. आला तो चिखलात पावलं पडल्याचा. चिन-फाने एक डोळा उघडला. एका भातपळ्याने चोच पाठीतून बाहेर काढली होती. मग शेजारच्याने काढली. पालखीने तळ्याचा सगळा गाळ घुसळून वर आणला होता, आणि त्यात लपलेले मासे नि कोळंब्या उड्या मारत होत्या. ज्यांनी कुणी तळं उपसलंय त्यांना हे ठाऊक असतं की माणूस गाळात उतरला की पाखरं त्याच्या मागे येतात. पण इतकी, आणि इतक्या जवळ, हे चिन-फानेही पाहिलं नव्हतं. सगळा कळप जागा झाला. चोची पाण्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे झाडू मारल्यासारख्या फिरवत भातपळे पालखीभोवती गोळा झाले. एक तर राजेसाहेबांच्या मांडीशी आलेला मासा उचलून गेला.

"कुणी हलू नका," ल्याओबाई पुटपुटल्या. कुणी हलणारच नव्हतं. टीव्हीवाला पोटावर आडवा पडून चित्रण करत होता. दुर्बिणीतून बघायची गरज नव्हती, तरी ल्याओबाईंनी ती डोळ्यांना लावली होती, बहुतेक डोळे पुसायला. गाळात बसलेल्या चिन-फाचा ऊर भरून आला. त्याचं तळं, त्याचा देव, त्याची पाखरं. हे पलीकडच्या मनोऱ्यावरून कुणाला दिसणार नव्हतं, आणि दिसलं असतं तरी कुणी सी-आनचं म्हटलं नसतं.

पाखरं पोटं भरून बाजूला झाल्यावर भोयांनी पालखी बांधावर ओढली. ल्याओबाई पुढे आल्या आणि त्यांनी राजेसाहेबांना वाकून नमस्कार केला. "मी आयुष्यभर या पाखरांच्या मागे फिरले," त्या म्हणाल्या, "पण देव स्वतः गाळात उतरून पाखरांना जेवू घालतो, ही प्रथा मला माहीत नव्हती. किती जुनी आहे?"

चिन-फा सरळ माणूस. पाय घसरला हो, असं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण कमरेपर्यंत चिखलाने माखलेले शुइ-मूकाका त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. खडीसाखर गालात सारून ते म्हणाले, "मोजदाद नाही, बाई. आमचे पूर्वज होडीतून उतरले तेव्हापासून."

"आणि आवाज न करता?"

"पाखरं झोपलेली असतात. देवाला काय तेवढी रीत कळत नाही?"

सगळ्या गावाने मान डोलावली. आ-पिंगच्या अंगातला देव अजून गेलेला नव्हता, त्यानेही डोलावली.

संध्याकाळी पाखरं उडून गेल्यावर कबूल केलेली माळ देवळापासून झडपेपर्यंत वाजली. वसंतात पाटी लागली. हाइपू ही अक्षरं बांधाच्या त्या टोकावरून वाचता येतील एवढी मोठी आहेत. खाली चित्र आहे, आणि चित्राखाली या प्राचीन प्रथेची माहिती. वेन-तुंग मुद्दाम नदी ओलांडून बघायला आला. बराच वेळ वाचून तो बहिणीला म्हणाला, "ताई, मी दरवर्षी तुमच्याकडे सणाला येतो. मला कधी ही प्रथा दिसली नाही."

"तू जेवायला येतोस," आ-क्वान म्हणाली. "देवाकडे कधी बघितलंस?"

येत्या वाढदिवसाला पाहुणे जास्त येणार आहेत, म्हणून बांधावर संध्याकाळी तालीम चालते. यजमान बदलला तरी पुढचा उजवा दांडा चिन-फाकडेच ठेवायचा असं देवाने कौल देऊन सांगितलंय. रिकामी पालखी घेऊन भोई येतात, शेवाळावर पाय ठेवतात, आणि घसरतात. शुइ-मूकाका खाली गाळात खुर्ची टाकून बसलेले असतात. एखाद्या नव्या भोयाने घाबरून हात टेकला की त्यांना ते मुळीच खपत नाही.

"असा नाही रे," ते म्हणतात. "वर जा परत, आणि जुन्या पद्धतीने घसर."