तुळशीपाशी अर्थिंग

भाईदास गुरुजींनी गल्लीभर सांगून टाकलं होतं, "यंदा आमच्या तुळशीचं लग्न विजेच्या दिव्याखाली!" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला घरचं वायरिंग करायला मिस्त्री कशाला? नवं फिटिंग त्यांनी स्वतःच केलं. वीज कचेरीचा इन्स्पेक्टर ते तपासायला आला आणि भिंती न्याहाळत म्हणाला, "मास्टरजी, अर्थिंग कहां है? त्याच्याबिगर लाइन जोडणार नाही. नियम आहे."

"नियम नागपूरचा की भोपाळचा?" राज्य बदलून बुऱ्हाणपूरची राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला हलली होती. नियम अजून वाटेत असेल, अशी गुरुजींना आशा होती.

"करंट दोन्हीकडचा सारखाच मारतो," इन्स्पेक्टर म्हणाला आणि सायकलवर बसला.

अर्थिंगला कायम ओली जमीन लागते. अंगणात तशी जागा एकच, आई मथुराबाईंची तुळस. कार्तिकस्नानाला त्या पहाटे राजघाटावर जात आणि येताना तापीची कळशी भरून आणून तुळशीला घालत. आई घाटावर गेलेली असताना गुरुजींनी तुळशीच्या बुडाशी खोल खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला, रीतीप्रमाणे भोवती कोळसा आणि खडेमीठ भरलं आणि वरून माती सारखी केली.

"मिठाचं मडकं रिकामं कसं?" बायको शोभाने विचारलं.

"विज्ञानाला लागलं."

थोड्याच दिवसांत तुळस पिवळी पडली. मथुराबाईंनी निदान केलं, "समोरच्या मंगलाची नजर लागली. रोज पाहून राहिली होती मेली." उपाय म्हणून त्यांनी एका कळशीच्या दोन केल्या. मीठ आणखी विरघळलं. तुळस काळी पडली, मंगलाशी बोलणं बंद झालं आणि अर्थिंगने तेवढं बाळसं धरलं. गुरुजींना सगळं कळत होतं. पण खरं बोलावं तर खड्डा उकरावा लागणार, आणि मग गल्लीला दिवा कुठला दाखवणार?

तुळशीच्या लग्नादिवशी दुपारी इन्स्पेक्टर पुन्हा आला. यंत्र लावून पाहिलं आणि खूश झाला. "वा मास्टरजी! असं अर्थिंग अख्ख्या बुऱ्हाणपुरात नाही. नमक दिल खोलके डाला है."

ओसरीवर वाती वळणाऱ्या मथुराबाईंचा हात थांबला.

"कोठी घातलं रे मीठ, भाईदास?"

गुरुजी खोकले. इन्स्पेक्टरने भाबडेपणाने तुळशीकडे बोट दाखवलं आणि लाइन जोडून दिली. बल्ब लागला. त्याच्याखाली नवरीच्या वाळक्या काड्या वेगवेगळ्या दिसत होत्या.

मथुराबाई उठल्या. पदर सावरून तडक मंगलाच्या दारात गेल्या.

"तुळस देते न काकू," मंगला गोड आवाजात म्हणाली. "माझ्या नजरेतून वाचली तेवढी एकच आहे. पण लगन नवरीच्या घरी लागते."

संध्याकाळी सगळी गल्ली मंगलाच्या अंगणात जमली. तिच्याकडे वीज नव्हती. तेव्हा मंगलाष्टकं होईपर्यंत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन कोणीतरी उभं राहणं भाग होतं.

"हलू नको, भाईदास," मथुराबाई म्हणाल्या. "नवरीवर पडू दे उजेड."

समोर गुरुजींच्या रिकाम्या अंगणात बल्ब झगझगत होता. नियमात कुठेही कसर नव्हती.