मिठाचा भाव आणि सुभानजी पाचारणे यांची परीक्षा

श्रीगजानन शंकाहरण समर्थ. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, पौषमास, ते समयी या राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो. मानवेल त्यांनी मानावे, न मानवेल त्यांनी आपली शंका आपणापाशीच ठेवावी, कारण शंकेपायीच पुढील सारा अनर्थ जाहला.

सरकारांनी एक सर्वजन पाठशाळा घातली होती. तेथे ना वयाची अट ना कुळाची. दिवसभर पोटामागे धावणारांनी सायंकाळी यावे, बाकावर बसावे आणि राहून गेलेली विद्या पुरी करावी, ऐसा रिवाज. तेथे वेशीच्या जकातनाक्यावरील शिपाई सुभानजी पाचारणे उतारवयात दाखल जाहले. कारण ऐसे की नाकेदाराची जागा रिकामी होणार होती, आणि नवा हुकूम होता की समग्र अर्थशास्त्राची पहिली परीक्षा उतरल्यावाचून कोणी नाकेदार होऊ नये. कालची पोरे सुभानजींच्या डोळ्यांदेखत वर चढली होती आणि त्यांस मुजरे करता करता यांची कंबर वाकली होती. ही जागा हुकली तर शिपाई म्हणोनच घरी बसणे आले, हे त्यांच्या मनास फार लागले होते.

शिकवावयास त्र्यंबकशास्त्री खरवंडीकर. गृहस्थ सालस, परंतु बोलणे सारे 'समजा' आणि 'धरून चालू' यांवर. फळ्यावर एक रेघ मागणीची काढीत, एक पुरवठ्याची, आणि म्हणत, "बाकी सर्व जैसे थे आहे ऐसे धरू." सुभानजींचा जन्म नाक्यावर गेलेला. 'बाकी काही नाही हो' म्हणणाराच्याच गाडीत गवताखाली काही निघते, हा त्यांचा अनुभव. मग ते शेजारच्या भिवाबाईंस, ज्या त्याच नाक्यावर पावत्या फाडीत, हळूच म्हणत, "बाई, हे बाकीचं बाकीचं करतायत ना, त्यातच सगळं दडवलंय बघा." बाई म्हणत, "गप लिहून घ्या हो. परीक्षेला तेच येतंय."

एके दिवशी शास्त्री म्हणाले, "समजा, पुढल्या महिन्यात मीठ महागणार ऐसे लोकांस वाटले, तर लोक आज काय करतील?" सर्वांनी लिहून घेतले, सुभानजींचे मात्र कान टवकारले. मीठच का? गूळ का नाही, तेल का नाही? आणि शास्त्र्यांचे मेहुणे तर दरबारच्या मुदपाकखान्यात! मग पाठ सरताच त्यांनी शास्त्र्यांस दाराशी गाठून पुसले, "शास्त्रीबुवा, आपल्यातच राहील. कोण बोललं?" शास्त्री म्हणाले, "कोणी नाही हो, उदाहरण आहे ते," आणि हसले. त्या हसण्याने तर सुभानजींची खात्रीच पटली.

मग दुसरे दिवशी भर दुपारी त्यांनी मिठाची पोती घेतली आणि कोणास कळू नये म्हणोन अंगावरची घोंगडी त्यांवर घालोन भर पेठेतून घरी नेली. ऐन थंडीत पोत्यांस पांघरूण देऊन आपण कुडकुडणारा मनुष्य पाहून सारी पेठ उभी राहिली. आणि लोक बोलो लागले की हा पाचारणे सख्ख्या भावाच्या डब्याची झडती घेतो, हा उगाच मीठ भरणार नाही. मग साळ्यांनी घेतले, ते पाहून तेल्यांनी घेतले, आणि भाव दुपटीवर गेला. सुभानजी ओसरीवर बसून कुटुंबास, सगुणाबाईंस, म्हणाले, "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं?" बाई म्हणाल्या, "बघितलं. आता पानात नुसतं मीठच वाढते."

दरबारी घोर लागला. आगरांत मीठ उदंड आणि पेठेत चिमूट नाही, हे काय? सरकारांनी दवंडी पिटविली की मीठ मुबलक आहे, कोणी घाबरू नये. लोक म्हणाले, मुबलक आहे तर ढोल कशाला बडवता? आणि उरलेले होते तेही उचलले. मग शोध होता होता वावडीचे मूळ पाठशाळेत निघाले, शास्त्र्यांस चावडीत बसविले, पाठशाळेस कुलूप पडले आणि परीक्षा तहकूब जाहली. सुभानजींची पाचावर धारण बसली. परीक्षा नाही तर नाकेदारी कोठली? ते धावत चावडीत गेले आणि म्हणाले, "आता तरी सांगा, कोण बोललं होतं?" शास्त्र्यांच्या तोंडावर हसू नव्हते. ते म्हणाले, "पाचारणे, मला नोकरीवरून काढतील, तरी मी हेच सांगणार. कोणी नाही." तेव्हा हा मनुष्य खरे बोलतो ऐसे सुभानजींस प्रथमच वाटले, आणि मग मीठ कोणामुळे महागले तेही उमगले, आणि त्यांस स्वतःची फार लाज वाटली.

मग त्यांनी सारी पोती दारात मांडली आणि जुन्या भावाने विकू लागले. कोणी पुसले तर म्हणत, "मीठ महागायचं काही कारणच नाही हो. माझीच चूक झाली." त्यावर कोणाचा विश्वास बसेना. लोक म्हणाले, ज्या अर्थी पाचारणे मीठ सोडतो त्या अर्थी त्यास आतून काही कळले आहे. आणि घरोघरची पोती बाहेर आली, भाव कोसळला, शास्त्री सुटले, परीक्षा जाहली. प्रश्न आला की टंचाईवाचून भाव का चढतो, आणि सुभानजींनी ऐसे उत्तर लिहिले की पाठशाळेत पहिले आले.

मग दिवाणजींनी बोलाविले. सुभानजी नवे पागोटे घालोन गेले. दिवाणजी म्हणाले, "चढायच्या आधी घेता, उतरायच्या आधी विकता. तुम्हांस आतल्या खबरा कोण देतो?"

"कोणी नाही, साहेब. मी घेतलं म्हणून चढला, मी विकलं म्हणून उतरला. पाठातच आहे ते."

"पाठ आम्हीही वाचला आहे," म्हणोन दिवाणजी हसले, आणि ज्याचे हेर दरबारात आहेत त्याच्या हाती वेस देणे बरे नव्हे, ऐसा शेरा मारोन नाकेदारी त्याच परीक्षेत उतरलेल्या भिवाबाईंस दिली.

दुसरे दिवशी सकाळी सुभानजींनी वेशीवर भिवाबाईंस मुजरा केला. बाईंस वाईट वाटले. त्यांनी यांस बाजूस घेतले, इकडे तिकडे पाहिले आणि हळूच पुसले, "पाचारणे, आता तरी सांगा. कोण बोललं होतं?"

येणेप्रमाणे मीठ आपल्या भावास आले, शास्त्री फळ्याकडे परतले, आणि सुभानजी पाचारणे, अर्थशास्त्रात पहिले, शिपाई म्हणोनच राहिले. हे वृत्त कोणी सांगितले ऐसे कोणी विचारील, तर उत्तर हेच की कोणी नाही. लेखन समाप्त.