हळू, स्फटिक झोपलाय!

फरीदाबादच्या आमच्या इन्स्टिट्यूटच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी नुसतं शिंकलं, तरी डॉ. टेंभेकर पायमोज्यांवर धावत बाहेर येतात, ओठांवर बोट ठेवतात आणि कुजबुजतात, "हळू! झोपलाय तो."

तो म्हणजे स्फटिक. क्षयाच्या जंतूतल्या एका प्रोटीनचे स्फटिक वाढवणं हा टेंभेकरांचा उद्योग. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की प्रोटीनचा आकार कळतो, आणि आकार कळला की औषध शोधायला वाट सापडते. एवढं परचेस सेक्शनमधल्या माझ्यासारख्या माणसालाही समजतं. पण धक्का बसला की स्फटिकाची वाढ बिघडते, असं टेंभेकरांचं म्हणणं. म्हणून त्या मजल्यावर टाचांच्या चपला बंद, फोनची रिंग बंद, हसणंही जवळजवळ बंद. त्यांच्या लॅबचं दार तर दोन्ही हातांनी धरून, पाळणा थांबवावा तसं लावायचं. त्या दाराला रबर बसवायची फाईल माझ्याच टेबलावर आहे. प्रोसेसमध्ये आहे.

समोरच्या बँक्वेट हॉलपाशी वरात आली की हे गृहस्थ रस्त्यावर उतरून हात जोडतात. "भाईसाहब, ढोल थोडा धीरे. अंदर बच्चा सो रहा है." दिल्लीकडची वरात ती! त्यांनी टेंभेकरांनाच मधे ओढून नाचवलं.

नव्या गार्डला मात्र ते बाळ खरंच वाटलं. काळजीने त्याने विचारलं, "साहब, बच्चा पीता क्या है?"

"अमोनियम सल्फेट," टेंभेकर म्हणाले. गार्ड पोलिसांना फोन लावत होता, मी कसाबसा आवरला.

लग्न त्यांनी केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "अहो, घरात भांडी वाजतात." मला हा शुद्ध बहाणा वाटतो. क्वार्टरमध्ये एकटा जीव सदाशिव. दिवाळीतही लॅबमध्येच असतात, का तर फटाक्यांनी तो दचकेल.

डायरेक्टरसाहेबांना झोपलेल्या स्फटिकात काडीचा रस नव्हता. त्यांना वार्षिक अहवालात छापायला रंगीत चित्र हवं होतं. परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरणांच्या त्या अवाढव्य कारखान्यात, टेंभेकरांचे स्फटिक याआधी जाऊन आले होते. दर वेळी तीच रड. सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन होण्याआधीच स्फटिक किरणांनी खराब व्हायचा. शेवटी साहेबांनी बजावलं, "टेंभेकरजी, यह आख़िरी बार है. नहीं हुआ तो लैब किसी और को."

आता उपाय एकच होता, नवी पद्धत. एक मोठा स्फटिक नको, हजारो बारीक हवेत. प्रत्येकाने किरणांपुढे यायचं, एकच फोटो द्यायचा आणि संपायचं. मग कॉम्प्युटर ते सगळे फोटो जुळवून आकार काढणार. फक्त असे बारीक स्फटिक हजारोंनी उगवायचे, तर मोठा स्फटिक चिरडून त्याचा चुरा ताज्या द्रावणात घालावा लागतो, विरजण लावतात तसा. आणि चिरडण्याजोगा धड स्फटिक एकच होता. खसखशीएवढा. तोच, झोपलेला.

त्या दिवशी टेंभेकर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"पाटणकर, जरा वर येता? माझ्याच्याने होत नाहीये."

"अहो, तुमचे विद्यार्थी आहेत ना?"

"मुलांसमोर नको. आणि माझ्या इतक्या फायली चिरडल्यात तुम्ही. एवढंही चिरडा."

टोमणा मारायची संधी या माणसाने तेव्हाही सोडली नाही, पण तो पायमोज्यांवरच खाली आला होता. मी वर गेलो. चिमुकल्या नळीत स्फटिक होता, सोबत एक काचेचा मणी. नळी यंत्रावर धरून दाबायची, की ते गदागदा हलवतं. टेंभेकर बाहेर जाऊन उभे राहिले. मी नळी दाबली. यंत्र घरघरलं. काचेतून बघितलं, तर त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

बाहेर पडताना सवयीने मी दोन्ही हातांनी दार धरलं.

"सोडा हो," टेंभेकर म्हणाले. "आपटू दे. आता कोण झोपलंय आत?"

दार धाडकन आपटलं. आम्ही दोघंही दचकलो.

पुढे बारीक स्फटिक भरभरून उगवले, फोटो जुळले, आकार निघाला, लॅबही राहिली. अहवालात रंगीत चित्राशेजारी डायरेक्टरसाहेबांचाच फोटो आला. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी या माणसाला रिकाम्या क्वार्टरवर पाठवायला माझा जीव होईना. म्हटलं, "घरी चला. चहा घेऊ. आमच्याकडे भांडी वाजतात, पण चालवून घ्या."

दार बायकोने उघडलं. माझी पाच वर्षांची मुलगी शाळेतून दमून आलेली, सोफ्यावर गाढ झोपली होती. आमच्या घरात त्याची कुणाला पर्वा नसते; टीव्ही चालू, कुकर चालू, वरच्या मजल्यावर ड्रिल चालू. मी नेहमीच्या आवाजात ओरडलो, "अगं, चहा टाक! टेंभेकर आलेत!"

मागे वळलो, तर टेंभेकरांनी बूट केव्हाच काढले होते. पायमोज्यांवर ते सोफ्यापाशी गेले, खाली जमिनीवर बसले आणि ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत कुजबुजले,

"हळू! झोपलीये ती."

मी टीव्ही बंद केला. ती आपणहून जागी होईपर्यंत ते तिथेच बसून होते.