तिसरा गोळा

आमच्या मलकापुरात कुणाच्या घरी गेलं की लोक कडी वाजवतात. सुभेदार आबा भिंत वाजवायचे. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "नऊ इंची. आरपार जाणार." मगच रामराम. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीआधी त्यांनी तिच्या बापाचं कपाट वाजवलं.

आबांची सगळी नोकरी रणगाडे फोडायच्या तोफेवर गेली. खरा रणगाडा कधी समोर आला नाही. त्याची भरपाई म्हणून आमच्या गल्लीत त्यांनी निदान चारशे फोडले असतील.

"गोळं तीन जातीचं, गड्या." पहिला दाभणासारखा, निव्वळ वेगानं घुसणारा. हे दाखवायला त्यांनी गुळाच्या ढेपेत दाभण असं हाणलं, की ते उपसायला दोन पैलवान लागले. दुसऱ्याच्या पोटात तांब्याचा पेला. स्फोट झाला की त्याची बारीक धार होते आणि पोलादाला भोक पाडते. त्यासाठी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून त्यांनी भावकीचा बांध फोडला.

तिसरा त्यांचा लाडका. तो शेणासारखा चिकटतो, मग फुटतो. बाहेर भोक नाही. हादऱ्यानं आतल्या बाजूचे तुकडे उडतात, आतला माणूस जातो. आमच्या मातीच्या भिंतीवर शेण थापून आबांनी त्यावर घण घातला. बाहेर ओरखडा नाही. आत आईच्या आमटीत परातभर पोपडे. आई लाटणं घेऊन धावली, तर आबा खुशीत. "वैनी, भोक हाय का बघा कुठं."

त्यांचा एकुलता एक सुहास नेमका रणगाड्यावरच भरती झाला. निघताना आबांनी एवढंच बजावलं, "आतनं पत्र्याला टेकून बसू नगंस."

गेल्या हिवाळ्यात सरावाच्या वेळी सुहासच्या रणगाड्याला अपघात झाला. फौजेची गाडी त्याची शवपेटी घेऊन दारात आली, तेव्हा आलेल्यांना चहा आबांनीच पाजला. सुनेला धरलं, गर्दीला रांगेत उभं केलं. डोळ्यांत टिपूस नाही. गल्ली म्हणाली, माणूस पोलादाचा हाय.

महिन्यानं चहाच्या टपरीवर मी मुद्दाम गोळ्यांचा विषय काढला, जरा खुलतील म्हणून. आबांनी पहिला सांगितला. दुसरा सांगितला. मग टपरीच्या पत्र्यावर तळवा टेकला.

"आन तिसरा, आबा?"

"त्यो तुला ठावं हाय रं," ते म्हणाले. "तुझ्या आईची आमटी वाया गेलती."

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. हात तिथंच होता, आणि त्याच्याखाली पत्रा बारीक वाजत होता.